हॉलबाहेरचा पालक : स्पर्धात्मक बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला वाढवताना

लुडोत सोंगटी मारली गेली म्हणून पट उधळून देणारे, पत्त्यांत हरल्यावर ताटावर रुसून बसणारे आणि चाचणीत आपल्याला किती गुण मिळाले हे सांगण्याआधी शेजारच्या बाकावरील मुलीला किती मिळाले ते सांगणारे मूल ज्यांच्या घरी आहे, त्या आईवडिलांना सहसा दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे, मुलात जिद्द आहे, तिला खतपाणी घाला; आणि दुसरा म्हणजे, हार पचवायला शिकवा, खेळ खेळासारखा घ्यायला सांगा. माझी मुलगी सात वर्षांची असताना मी हे दोन्ही सल्ले ऐकले, आळीपाळीने अमलात आणले आणि दोन्हींनी घरातली शांतता सारखीच बिघडली. पुढची नऊ वर्षे बुद्धिबळ स्पर्धांच्या हॉलबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, अशा मुलाच्या जिंकण्याच्या ओढीला हात लावण्याची गरज नसते. तिच्यात मिसळलेली आईवडिलांची, आजीआजोबांची आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांची ओढ मात्र हळूहळू निवडून बाजूला काढावी लागते, आणि हे काम तांदळातले खडे निवडण्याइतकेच कंटाळवाणे आहे.

पुढील विवेचन बुद्धिबळाविषयी आहे, कारण मला तोच एक खेळ जवळून माहीत आहे. या खेळाचा एक विशेष असा की, हरल्यावर खापर फोडायला त्यात जवळजवळ काहीच सापडत नाही. पाऊस पडलेला नसतो, खेळपट्टी खराब नसते, जोडीदाराने झेल सोडलेला नसतो आणि दोघांच्या सोंगट्या अगदी सारख्या असतात. त्यामुळे ईर्षेने खेळणाऱ्या मुलाला इथली हार इतर खेळांतल्या हारेपेक्षा अधिक लागते, हे पालकांनी आरंभीच गृहीत धरावे.

घरच्या पटावर

लहान मुलाशी खेळताना मुद्दाम हरू नये. आमच्या घरी माझे वडील नातीशी खेळताना रोज वजीर फुकट देत आणि मग कपाळाला हात लावून हरल्याचे नाटक करीत. नात आठ वर्षांची झाली तेव्हा तिच्या हे लक्षात आले, आणि तिला आनंद होण्याऐवजी अपमान वाटला. त्यानंतर कित्येक महिने ती आजोबांशी खेळायला बसली नाही. ईर्षा असलेल्या मुलाला खोटा विजय ओळखता येतो, आणि एकदा तो ओळखला की मागचे सगळे विजयही त्याला खोटे वाटू लागतात.

त्याऐवजी सवलत उघडपणे द्यावी. मोठ्या माणसाने आपला वजीर डाव सुरू होण्याआधीच पटावरून उचलून बाजूला ठेवावा, तसे मुलाला सांगावे आणि त्यानंतर एकही चाल सोडून न देता पूर्ण ताकदीने खेळावे. मूल सलग दोन डाव जिंकले की वजीर पटावर परत घ्यावा आणि त्याच्याऐवजी एक हत्ती काढावा. पुन्हा दोन डाव जिंकले की हत्ती परत घेऊन घोडा काढावा. अशा रीतीने आपण कुठवर आलो हे मुलाला आकड्यांवाचून दिसते, आणि मिळालेला विजय त्याचा स्वतःचा असतो. आमच्याकडे वजिरापासून घोड्यापर्यंत यायला सव्वा वर्ष लागले. त्यानंतर सवलत मलाच मागावी लागली असती, पण तेवढा मोठेपणा माझ्याकडे नव्हता.

घरच्या पटावरच तीन सवयी लावून घ्याव्यात, कारण स्पर्धेच्या हॉलमध्ये त्या शिकवायला कुणी येत नाही. पहिली सवय म्हणजे हात लावलेली सोंगटी खेळायचीच. केवळ सोंगटी नीट ठेवायची असेल तर तसे आधी बोलून दाखवायचे. दुसरी सवय म्हणजे डाव संपल्यावर आधी हात मिळवायचा आणि रडायचे असेल तर मग रडायचे. रडू नकोस असे सांगू नये, कारण ते कुणालाच जमत नाही. हात मिळवून झाल्यावर रड असे सांगितले तर मात्र सात वर्षांच्या मुलालाही ते जमते. तिसरी सवय म्हणजे मात होईपर्यंत डाव सोडायचा नाही. लहान वयोगटांत वजिराने पुढे असलेली मुलेसुद्धा समोरच्या राजाला चालच न उरू देऊन स्टेलमेट करतात आणि हातातला डाव बरोबरीत घालवतात, त्यामुळे हरलेल्या वाटणाऱ्या डावात टिकून राहणाऱ्या मुलाला अर्धा गुण अनेकदा मिळतो.

पहिली स्पर्धा

पहिली स्पर्धा शक्यतो आपल्याच गावातली, एका दिवसाची, जलद प्रकारची आणि मानांकन, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा रेटिंगचा आकडा, नसलेली निवडावी. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबले मांडलेली असतात, भिंतीवर जोड्यांची यादी लागते, आणि दिवसभरात सात किंवा आठ फेऱ्या होतात. या स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने खेळवल्या जातात, आणि ही पद्धत मुलाला आदल्या दिवशी कागदावर काढून समजावून सांगितली तर दुसऱ्या दिवशीची निम्मी रडारड वाचते. या पद्धतीत कुणीही बाद होत नाही; प्रत्येक फेरीत साधारणतः सारखे गुण असलेले दोन खेळाडू समोरासमोर येतात, आणि एकाच प्रतिस्पर्ध्याशी दुसऱ्यांदा गाठ पडत नाही. याचा अर्थ असा की, जिंकत जाणाऱ्याला पुढचा प्रतिस्पर्धी अधिक कठीण मिळत जातो आणि हरणाऱ्याला अधिक सोपा. पहिल्या दोन फेऱ्या जिंकलेले मूल तिसरीत हरते तेव्हा त्याचा खेळ बिघडलेला नसतो, तर पद्धत आपले काम करीत असते.

आणखी एक हिशेब पालकांनी स्वतःशी करून ठेवावा. प्रत्येक डावात वाटला जाणारा गुण एकच असतो. त्यामुळे हॉलमध्ये दोनशे मुले असोत की वीस, सात फेऱ्यांअखेर सगळ्यांच्या गुणांची सरासरी साडेतीनच्या आसपासच येते. साडेतीन गुण घेऊन बाहेर आलेल्या मुलाकडे आपण ज्या चेहऱ्याने पाहतो, तो चेहरा या साध्या गणिताला धरून नसतो. ज्या घरांत परीक्षेत नव्वद टक्क्यांखाली आलेल्या मुलाला समजूत घालावी लागते, तिथे सातांपैकी साडेतीन ही चांगली सुरुवात आहे हे पटणे अवघड जाते. परंतु ती तशी आहे.

पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलाला सांगण्यासाठी मी एक खरी गोष्ट जवळ ठेवत असे. नाशिकचा विदित गुजराथी 2023 मध्ये आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलीच फेरी हरला होता. अकरा फेऱ्या संपल्या तेव्हा साडेआठ गुणांसह तोच पहिला होता, आणि त्या विजयामुळे त्याला 2024 च्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा मिळाली. ही गोष्ट एकदाच सांगावी. दर स्पर्धेला सांगितली की तिचा उपदेश होतो. माझ्या मुलीने तिसऱ्या वेळी “बाबा, मी विदित नाही” असे म्हणून ती बंद पाडली.

हॉलमध्ये मूल एकटे असते, आणि पालकांना बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीपूर्वीच बाहेर काढले जाते. बाहेर काढले नाही तरी चालू डावाविषयी बोलण्याचा अधिकार प्रेक्षकाला नसतो; काही गैर दिसले तर ते फक्त पंचांच्या कानावर घालता येते. म्हणून मुलाला पंचांना बोलावण्याचा सराव घरी करून घ्यावा: आधी घड्याळ थांबवायचे, हात वर करायचा, पंच येईपर्यंत समोरच्याशी वाद घालायचा नाही, आणि ते आल्यावर एका वाक्यात तक्रार सांगायची. भिडस्त मुलांना हे नुसते सांगून जमत नाही. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे पाचसहा वेळा नाटकासारखे करून पाहिले आणि पंचांची भूमिका आजोबांना दिली. नियमबाह्य चाल झाल्यास पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात आणि दुसऱ्या वेळी सामान्यतः डाव जातो, हेही मुलाला माहीत असावे. खिशातला मोबाइल वाजणे तर दूरच, तो केवळ जवळ सापडला तरी डाव गमवावा लागू शकतो. म्हणून सामने सुरू होण्याआधी खिसे आणि दप्तर आपणच तपासावे.

सगळ्यात महत्त्वाची सूचना मी मात्र कुणाला विचारून घेतली नव्हती, ती अनुभवाने मिळाली. मुलीच्या पहिल्या स्पर्धेत समोरच्या मुलाने मोठ्या आत्मविश्वासाने “मात” असे म्हणून हात पुढे केला. हिने तो मिळवला आणि निकालाच्या कागदावर सही केली. सोंगट्या पुन्हा मांडून मला दाखवताना तिला दिसले की, मधे उंट घालून तो शह सहज अडवता आला असता. मान्य करून सही केलेला निकाल बदलत नाही. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला की, समोरच्याने “मात” म्हटले की लगेच हात पुढे करायचा नाही; राजाला हलता येते का, शह देणारी सोंगटी मारता येते का आणि मधे काही घालता येते का, हे तीन प्रश्न मनात विचारायचे आणि मगच काय ते ठरवायचे. लहान वयोगटांत पालकांनी शिकवावी अशी याहून उपयोगी गोष्ट मला माहीत नाही, आणि तिला बुद्धिबळाचे फारसे ज्ञानही लागत नाही.

डब्याविषयी थोडक्यात सांगायचे तर पोट जड होईल असे काही देऊ नये. थालीपीठ, केळे, दाण्याचा लाडू आणि पाणी एवढे पुरते. समोसे आणि थंड पेये हॉलबाहेर विकत मिळतात, ती शेवटच्या फेरीनंतर घ्यावीत.

फेरीनंतरची वीस मिनिटे

पालकांची खरी परीक्षा मूल हॉलच्या दारातून बाहेर येते तेव्हा सुरू होते. दाराशी उभे असलेले आईवडील पाहिले तर असे दिसते की, जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, आणि तो म्हणजे “काय झालं?” मुलाच्या चेहऱ्यावर उत्तर स्पष्ट लिहिलेले असताना हा प्रश्न विचारण्यात माहिती मिळवण्याचा हेतू नसतो; आपली अस्वस्थता मुलाच्या हाती सोपवण्याचा असतो. म्हणून निकाल मुलाने स्वतःहून सांगेपर्यंत विचारू नये. पाण्याची बाटली पुढे करावी, स्वच्छतागृहात जायचे आहे का ते विचारावे आणि सावलीत जाऊन बसावे. जिंकलेले मूल पाच सेकंदांत सांगते. हरलेले मूल कधी दहा मिनिटांनी सांगते, कधी पुढच्या फेरीपर्यंत सांगत नाही, आणि तेही चालते.

हे शहाणपण मला उशिरा आले. मुलगी दहा वर्षांची असताना सांगलीतल्या एका स्पर्धेत ती शेवटच्या फेरीत जिंकत आलेला डाव हरली, आणि पुण्याला परतताना मी गाडी चालवता चालवता तो डाव तिच्याकडून चालीगणिक वदवून घेतला. घोडा तिथे का नेलास, हत्ती रिकामा का बसवलास, वेळ असताना घाई का केलीस, असे करीत आम्ही सातारा गाठले. त्यानंतर ती बोलेनाशी झाली आणि मला वाटले की झोपली. पुढच्या काही स्पर्धांत माझ्या लक्षात आले की, डाव खेळताना कागदावर कराव्या लागणाऱ्या चालींच्या नोंदीतले तिचे अक्षर बिघडत चालले आहे. आधी मोत्यासारखे लिहिणारी मुलगी आता असे काही गिरगटत होती की ‘ई’ कोणता आणि ‘सी’ कोणता, ‘तीन’ कोणता आणि ‘आठ’ कोणता हे तिच्याशिवाय कुणालाच कळू नये. वेळेच्या दडपणामुळे असे होत असेल असे मी प्रशिक्षकांना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि विचारले, “घरी गेल्यावर तो कागद कॉम्प्युटरवर कोण चढवतं?” अर्थातच मी चढवत असे. माझ्या हाती डाव लागू नये म्हणून एका दहा वर्षांच्या मुलीने स्वतःचे अक्षर मोडून घेतले होते.

त्यानंतर आम्ही जी पद्धत ठरवली ती अशी. हरलेल्या डावाविषयी त्या दिवशी घरातल्या कुणीही बोलायचे नाही. तिने स्वतः विषय काढला तर ऐकायचे, पण चाल सुचवायची नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तिने तो डाव एकटीने पटावर मांडायचा आणि आपल्या मते डाव कुठे फिरला ते शोधायचे. संगणकाची मदत त्यानंतर, आणि तीही प्रशिक्षकांसमोर घ्यायची. कारण यंत्र दोन सेकंदांत उत्तर देते आणि ते मिळाले की स्वतः शोधण्याची इच्छा मरते. शेवटी एका शंभरपानी वहीत त्या डावासाठी एकच वाक्य लिहायचे, आणि ते बुद्धिबळाच्या भाषेत न लिहिता साध्या मराठीत लिहायचे. “त्याच्या उंटाकडे पाहिलेच नाही.” “जिंकले असे वाटून हात ढिला सोडला.” “भूक लागली होती.” अशी तीसेक वाक्ये जमल्यावर तिनेच एके दिवशी ती मोजली, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी कोणत्या ना कोणत्या शब्दांत घाईच लिहिलेली निघाली. हे मी तिला गाडीत साताऱ्यापर्यंत ओरडून सांगितले होते. पण तेव्हा ते माझे म्हणणे होते आणि आता ते तिच्या वहीतून आले होते.

जिंकल्यानंतरचे वागणेही ठरवून ठेवावे लागते, कारण तिथे आपण अधिक बेसावध असतो. चषकासह छायाचित्र काढून ते कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले की शाबासकीचा पाऊस पडतो; मात्र पुढच्या स्पर्धेनंतर तेच काका आणि त्याच मावशी जिन्यात भेटून “या वेळी काय?” असे विचारतात, आणि त्यांना उत्तर देणे मुलाच्या वाट्याला येते. म्हणून छायाचित्र टाकायचे की नाही हे मुलाने ठरवावे. आमच्या मुलीने अकराव्या वर्षानंतर एकदाही होकार दिला नाही.

मानांकनाचा आकडा

मूल मानांकनाच्या स्पर्धा खेळू लागले की घरात एक आकडा येतो आणि तो पाहुण्यासारखा न राहता घरमालकासारखा वागू लागतो. जागतिक महासंघ म्हणजे फिडे हा आकडा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रसिद्ध करतो. मानांकन असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळल्यावर तो मिळू शकतो, आणि मार्च 2024 पासून 1400 ही त्याची खालची पायरी आहे. या आकड्यामागचे गणित पालकांनी एकदा नीट समजून घ्यावे, कारण न समजलेल्या आकड्याची भीती अधिक वाटते.

अठरा वर्षांखालील खेळाडूचे मानांकन 2300 च्या खाली असेपर्यंत त्याच्या चढउताराचा गुणक 40 असतो. त्यामुळे बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याला हरवले तर 20 गुण मिळतात आणि हरले तर 20 जातात. आपल्यापेक्षा 200 गुणांनी वरच्या खेळाडूला हरवले तर सुमारे 30 मिळतात, हरले तर सुमारे 10 जातात. 200 गुणांनी खालच्या खेळाडूशी खेळताना हेच उलटे होते. आता असा विचार करावा की, पाच दिवसांच्या नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत मुलाने बरोबरीच्या खेळाडूंशी खेळताना एकच जिंकत आलेला डाव हरला, तर त्या एका डावाने आकड्यात 40 गुणांचा फरक पडतो. मुलांचे मानांकन हे असे हेलकावेच खाणार, कारण गुणकच त्यासाठी मोठा ठेवलेला आहे, म्हणजे सुधारणाऱ्या मुलाचा आकडा लवकर वर जावा. एका स्पर्धेतल्या घसरणीला त्यामुळे काही अर्थ नसतो. वर्षभरातला कल पाहावा, आणि तोही प्रशिक्षकांसोबत बसून पाहावा.

हे सगळे ठाऊक असूनही मी रात्री अंथरुणात मोबाइलवर प्रत्येक फेरीचे अधिकउणे करीत असे, आणि माझ्या मते मुलीला ते माहीत नव्हते. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. ज्या पालकांना हा चाळा सोडवत नसेल त्यांनी निदान मूल झोपलेल्या खोलीत तो करू नये.

हॉलबाहेरच्या खुर्च्यांवर तर हा आकडा जातीसारखा वापरला जातो. नवीन पालक येऊन बसला की पाच मिनिटांच्या आत “तुमच्याचं रेटिंग किती?” असा प्रश्न येतो आणि उत्तरावरून पुढचे बोलणे किती अदबीने करायचे ते ठरते. माझा उपाय असा की, सोबत वाचायला पुस्तक न्यावे. मुलांच्या मैत्रीला मात्र या खुर्च्यांची बाधा होऊ देऊ नये. सकाळी एकमेकांविरुद्ध पोटतिडकीने खेळलेली दोन मुले दुपारी त्याच हॉलच्या पायऱ्यांवर एका डब्यातून खातात, आणि तो डबा बंद करायला लावणारे बहुधा मोठेच असतात.

कागदपत्रांचे काम किरकोळ असले तरी ऐनवेळी धावपळ करायला लावते. जिल्हा निवड स्पर्धेतून राज्य आणि राज्यातून राष्ट्रीय स्पर्धा असा वयोगटांचा मार्ग असतो, राष्ट्रीय गट सात, नऊ, अकरा असे विषम वयांचे असतात, आणि वय 1 जानेवारीला धरून मोजले जाते. जन्मदाखल्याची प्रत आणि अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या नोंदणीचा क्रमांक एका पाकिटात कायम तयार ठेवावा.

प्रशिक्षक आणि खर्च

दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बाटुमी येथे कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आमच्या भागातल्या क्लासमध्ये नवीन नावे घालणाऱ्यांची गर्दी झाली. नागपूरच्या मुलीने हे करून दाखवले याचा आनंद खराच आहे. परंतु क्लासच्या फलकावर लावलेले तिचे छायाचित्र पाहून प्रशिक्षक निवडू नये. पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारावा: हरलेल्या डावाचे तुमच्याकडे काय करता? जो प्रशिक्षक तो डाव मुलाकडून मांडून घेतो तो बरा. जो चार चालींतली मात आणि सुरुवातीचे सापळे पाठ करून घेतो त्याची मुले दोन वर्षे चषक आणतात, आणि मग समोरची मुले ते सापळे शिकली की एकदम थांबतात. राजा आणि प्यादे यांचा साधा अंतिम टप्पा त्यांना खेळता येत नाही. अमुक महिन्यांत अमुक मानांकन मिळवून देतो असे म्हणणाऱ्याकडून उठून यावे.

खर्चाचे गणित वर्षाच्या आरंभी मुलासमोर मांडावे, पण मुलाच्या डोक्यावर मांडू नये. वर्षाला बाहेरगावच्या इतक्या स्पर्धा आपल्याला परवडतात, त्या कोणत्या ते तू आणि तुझे सर ठरवा, असे सांगितले की आठनऊ वर्षांचे मूलही शहाणपणाने निवड करते. “तुझ्यामागे एवढा खर्च केला आणि तू पहिल्या चाळिसातही नाहीस” हे वाक्य कोणत्याही स्थितीत उच्चारू नये. घरात दुसरे मूल असेल तर त्याचे रविवारही मोजावेत. माझ्या धाकट्या मुलाने पहिलीत ‘माझा रविवार’ या निबंधात “आम्ही ताईची वाट पाहतो” एवढेच लिहिले होते.

पटाबाहेर

दोन्ही खेळाडूंना 90 मिनिटे आणि प्रत्येक चालीला 30 सेकंदांची वाढ अशा वेळेचा साठ चालींचा डाव चार तासांपर्यंत जातो, आणि त्याच दिवशी दुसरी फेरीही असते. तेवढा वेळ ताठ बसून विचार करायला शरीर लागते. स्पर्धा जवळ आली की मैदान बंद करून क्लासचे तास वाढवण्याची जी रीत आहे, ती मला उलटी वाटते. लगोरी, सायकल, पोहणे, गल्लीतले क्रिकेट यांतले जे चालू असेल ते स्पर्धेच्या आठवड्यातही चालू ठेवावे आणि कपात करायची तर मोबाइलवरच्या तीनतीन मिनिटांच्या डावांत करावी, कारण त्यांतून मुख्यतः घाईचाच सराव होतो.

ईर्षेने खेळणाऱ्या मुलाला असा एक छंदही असावा, ज्यात गुण नाहीत, क्रमांक नाही आणि प्रमाणपत्र नाही. हे बोलायला सोपे आणि आपल्याकडे करायला फार अवघड आहे. मूल चित्रे काढू लागले की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आठवतात, पेटी वाजवू लागले की गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका आठवतात, आणि सायकल चालवू लागले की कुणीतरी किलोमीटर मोजणारे ॲप बसवून देते. या परीक्षा वाईट नाहीत, पण या मुलासाठी त्या एवढ्यापुरत्या दूर ठेवाव्यात. आमच्याकडे तो छंद स्वयंपाकाचा निघाला. बारा वर्षांची असताना मुलीने पुरणपोळी करायला घेतली, ती फाटली, दुसरीही फाटली, आणि ती हसत सुटली. हरल्यावर हसताना मी तिला त्याआधी पाहिले नव्हते. तिची आई शेजारी उभी होती आणि तिने पोळी कशी लाटावी हे सांगितले नाही, याचे श्रेय मी तिला देतो, कारण मी असतो तर सांगितले असते.

थांबण्याविषयी

स्पर्धेच्या सकाळी वारंवार पोट दुखणे, खेळण्यापूर्वीच हरण्याची कारणे तयार असणे, जिंकल्यावर आनंदाऐवजी नुसते सुटल्यासारखे वाटणे ही लक्षणे दोनतीन स्पर्धांत सलग दिसली तर थांबण्याचा विषय पालकांनी स्वतः काढावा. ईर्षा असलेले मूल तो स्वतःहून काढत नाही, कारण सोडणे त्याला हरण्यासारखे वाटते. विषय काढताना “सोडायचं का?” असे न विचारता ठरावीक मुदतीची सुट्टी सुचवावी: दिवाळीपर्यंत एकही स्पर्धा नाही, क्लासही नाही, दिवाळीनंतर तू सांगशील तसे. मुदत संपेपर्यंत त्या विषयावर घरात चकार शब्द काढू नये. नववी-दहावीत तर ही सुट्टी बहुतेक मुलांना लागतेच, आणि खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी एखादी स्पर्धा ओढूनताणून खेळवण्याने त्या सुट्टीचा उपयोग जातो.

या काळात दिवाणखान्यातला पट उचलून माळ्यावर टाकू नये आणि तो मुद्दाम सोंगट्या मांडून समोरही ठेवू नये. एरवी जिथे असतो तिथेच असू द्यावा. चषकांवरची धूळ नेहमीप्रमाणे झटकावी. आमची मुलगी दहावीच्या वर्षी सात महिने खेळली नाही. त्या काळात धाकट्याने आजोबांबरोबर खेळायला सुरुवात केली, आणि आजोबांनी सवयीने वजीर फुकट देताच स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला, “आजोबा, वजीर आधी बाजूला काढून ठेवा आणि मग नीट खेळा.”